लेट्यूसवरील मोझॅक आणि ‘प्रतिकारक’ वाण

प्रश्न : मोझॅक विषाणूला प्रतिकारक म्हणून घेतलेल्या लेट्यूसच्या काही रोपांवर फिकट हिरवे चट्टे दिसत आहेत. बियाणे फसवे समजावे का? या पिकाचे बी राखावे का?

उत्तर : बियाण्याला लगेच दोष देऊ नये. लेट्यूस मोझॅक विषाणूविरुद्ध सर्वाधिक वापरली गेलेली प्रतिकारशक्ती ‘एमओ१’ जनुकाच्या दोन रूपांवर अवलंबून आहे आणि तिची रीत जरा वेगळी आहे. विषाणूला मारणारे कोणतेही द्रव्य रोप तयार करीत नाही. पेशी प्रथिने बनवताना ईआयएफ४ई नावाचे जे प्रथिन वापरते आणि ज्याच्या आधाराने हा विषाणू वाढतो, त्याचीच घडण या रूपांत किंचित बदललेली असते, त्यामुळे रोपाचे काम चालू राहते आणि विषाणूचे अडते. साहजिकच हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे तो दोन्ही पालकांकडून यावा लागतो. प्रतिकारक व साध्या वाणाच्या संकराची पहिली पिढी सरसकट रोगाला बळी पडते, तेव्हा नवखा पैदासकार निराश होतो. दुसऱ्या पिढीत मात्र सुमारे चौथा हिस्सा रोपे प्रतिकारक निघतात.

या दोन रूपांची ताकदही सारखी नाही. पहिल्यात विषाणू सहसा वाढतच नाही, तर दुसऱ्यात तो थोडा वाढतो, पण लक्षणे दबलेली राहतात. दोन्हींना पाकिटावर एकच ‘प्रतिकारक’ शब्द लावणे मला योग्य वाटत नाही. शिवाय काकडी मोझॅकसारख्या दुसऱ्या विषाणूचे चट्टेही असेच दिसतात आणि त्याच्यापुढे एमओ१ निरुपयोगी ठरते, म्हणून आधी प्रयोगशाळेत पानांची तपासणी करून घ्यावी.

तपासणीत लेट्यूस मोझॅकच निघाला, तर ‘मोस्ट’ गटातील प्रकाराचा संशय घ्यावा लागेल, कारण हा गट दोन्ही रूपांवर मात करतो आणि अशा वाणांच्या बियांतूनही पुढे जातो. त्या पिकाचे बी राखू नये. बाधित बियांतून उगवलेली मोजकी रोपेही पुरेशी असतात. मावा त्यांचा रस काही सेकंद चाखून विषाणू शेजारच्या रोपांवर नेतो, आणि इतक्या कमी वेळात कीटकनाशकाचा फारसा उपयोग होत नाही. कॅलिफोर्नियात ३०,००० बियांच्या नमुन्यात एकही बाधित बी चालत नाही, ते याचमुळे. चट्टे पडलेली रोपे तुरा येण्याची वाट न पाहता उपटून टाकावीत.