अपघातात डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला पडदा) फाटला तर एक्स-रेत कळतं का? ऑपरेशनशिवाय भरून येतो का?

कळतं, पण पहिल्याच एक्स-रेत कळेल असं नाही. मी हे भोगलंय.

रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष. ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडलेला ऊसतोड कामगार, डाव्या बरगड्या मोडलेल्या, डोक्याला मार म्हणून व्हेंटिलेटरवर. छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ. चौथ्या दिवशी व्हेंटिलेटरची नळी काढली आणि संध्याकाळी धाप लागली. नव्या फिल्ममध्ये डावीकडे हवा, खाली पाण्याची आडवी रेघ. सरांनी फिल्म खिडकीकडे धरली, "हायड्रोन्यूमो, आयसीडी टाक" म्हणाले (म्हणजे फुप्फुसाभोवती हवा-पाणी साठलंय, छातीत नळी घालून काढ) आणि चहाला निघाले.

मी स्टेथो लावला तर छातीत गुडगुड! पोटात ऐकू येते तशी. म्हटलं, "सर, आधी राइल्स टाकून एक फिल्म काढू या?" राइल्स म्हणजे नाकातून जठरात घालायची नळी. सगळ्या वॉर्डासमोर उत्तर मिळालं, "आता तू शिकवणार मला?"

तरी टाकली. रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन टिकून होतं म्हणून हिंमत झाली. फिल्ममध्ये नळी खाली उतरून परत वर वळलेली, वेटोळं डाव्या छातीत. म्हणजे हवा जठरातली. आयसीडीने जठरच फोडलं असतं. व्हेंटिलेटर छातीत दाबाने हवा भरतो तोवर पोटातलं फारसं वर येत नाही. माणूस स्वतः श्वास ओढायला लागला की वर खेचलं जातं.

पुढच्या मीटिंगमध्ये सरांनी केस मांडली: "मला शंका होतीच." असो.

ऑपरेशन? पोटातलं वर गेलं असेल तर लागतंच. सतत हलणारा, वर ओढला जाणारा पडदा आपोआप सांधेल या भरवशावर राहू नका. सर्जन आंब्रवाझ पारेने १५७९ मध्ये वर्णन केलेला फ्रेंच कॅप्टन गोळी लागून आठ महिने जगला आणि करंगळीचं टोक जाईल एवढ्या भोकात आतडं अडकून गेला. ताज्या केसमध्ये बहुधा पोटातून उघडून न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. आमचा पेशंट तसाच वाचला.

हां, राइल्स जागेवर दिसली म्हणून पडदा शाबूत असं नाही. वर नुसतं आतडं गेलं असेल तर ती फसवते. आता सीटी आहे, पण डाव्या बरगड्यांखाली भोसकलेलं असेल तर सीटी स्वच्छ असूनही दुर्बिणीतून बघावं. आणि पेशंट खरंच कोसळत असेल तर राइल्सची वाट बघू नका, आयसीडी टाका. फक्त ट्रोकार (नळी घुसवायची टोकदार सळई) नको, आधी बोट आत घालून चाचपा. सरांनी ते कधी केलेलं मी पाहिलं नाही.