आधी रुकू पुरा होऊ द्या
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली अनेक वर्षे मी पाचही वेळची नमाज नियमाने अदा करतो. पण ‘अल्लाहु अकबर’ म्हणून हात बांधले की राहिलेली कामे, कुणाशी झालेले बोलणे, उद्याची चिंता, सगळे एकदम आठवू लागते आणि सलाम फेरल्यावर (नमाज संपवल्यावर) कोणती सूरह (कुरआनाचा अध्याय) पढली हेही सांगता येत नाही. मन एकाग्र करण्याचा निश्चय करतो, चार दिवस जमते आणि पुन्हा तेच. कुरआनात नमाजेविषयी गाफील असणाऱ्यांना दिलेला इशारा मलाच लागू आहे, अशी धास्ती वाटते. माझ्या नमाजेला काही अर्थ आहे का?

उत्तर : पहिल्यांदा तुमच्या धास्तीविषयी. तुम्ही म्हणता तो इशारा सूरह माऊनमध्ये (१०७:४-५) आहे. तिथले शब्द ‘अन् सलातिहिम’, म्हणजे ‘आपल्या नमाजेपासून’ गाफील, असे आहेत. ‘फी सलातिहिम’, म्हणजे ‘नमाजेच्या आत’, असे नाहीत आणि या एका अव्ययाकडे भाष्यकारांनी आवर्जून लक्ष वेधले आहे. नमाजेची वेळ बेपर्वाईने टळू देणारा आणि, पुढच्याच आयतीत म्हटल्याप्रमाणे, लोकांना दाखवण्यासाठी पढणारा माणूस तिथे डोळ्यांसमोर आहे. मन भरकटते म्हणून व्याकूळ होऊन पत्र लिहिणारा माणूस त्यात बसत नाही. हजरत उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांनीही प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे हीच तक्रार केली होती की, सैतान माझ्या आणि माझ्या नमाजेच्या मध्ये येतो व माझ्या पठणात गोंधळ घालतो. प्रेषितांनी त्यांना दोष दिला नाही. असे जाणवताच अल्लाहचा आश्रय मागावा आणि डावीकडे तीनदा हलके थुंकल्यासारखे करावे, असा उपाय सांगितला.

आता मूळ मुद्दा. आपली चूक अशी होते की आपण थेट मनाला हात घालतो. मन हुकमाने थांबत नाही, शरीर मात्र थांबते, आणि नमाजेची सुधारणा शरीरापासून सुरू करावी असे मला वाटते, याचे कारण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली एक हदीस (प्रेषितांच्या वचन-आचरणाची नोंद) आहे. एका माणसाने मशिदीत घाईने नमाज पढली आणि येऊन प्रेषितांना सलाम केला. त्यांनी सलामाचे उत्तर दिले आणि म्हणाले, परत जा आणि नमाज पढ, कारण तू नमाज पढलीच नाहीस. असे तीनदा झाले. शेवटी तो म्हणाला की मला याहून चांगली येत नाही, मला शिकवा. तेव्हा प्रेषितांनी जे शिकवले ते लक्ष देऊन पाहा : तकबीर (‘अल्लाहु अकबर’) म्हण, कुरआनातले सोपे वाटेल ते पढ, मग रुकू (कमरेतून वाकणे) कर आणि त्यात स्थिर हो, मग सरळ ताठ उभा राहा, मग सजदा (कपाळ जमिनीला टेकवणे) कर आणि त्यात स्थिर हो, मग उठून स्थिर बस. मनात काय चालले होते, हे त्याला विचारलेसुद्धा नाही.

म्हणून पुढच्या नमाजेत फक्त दोन जागा सांभाळा. पहिली रुकूनंतरची. आपल्यापैकी पुष्कळजण रुकूतून पाठ अर्धवट सरळ करतात आणि तशीच सजद्यात लोटतात. ‘रब्बना लकल हम्द’ हे शब्द उभे राहून निघायचे, ते खाली जाता जाता निघतात. तिथे पाठीचा कणा सरळ होऊन हात बाजूला निवांत लोंबकळेपर्यंत उभे राहा आणि ते शब्द उभ्यानेच पुरे करा. दुसरी जागा दोन सजद्यांच्या मधली. डोके उचलले न उचलले तोच पुन्हा टेकवू नका. नीट बसा, ‘रब्बिग्फिर्ली’, माझ्या रबा, मला क्षमा कर, एवढे म्हणा आणि मग जा. सजद्यात कपाळ-नाक, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पावलांची बोटे अशी सात अंगे जमिनीला टेकलेली असावीत, आणि तस्बीह (अल्लाहच्या पावित्र्याचे पुन्हा पुन्हा म्हणायचे वाक्य) मोजण्याच्या नादात तिचे शब्द चिरडू नयेत. या दोन जागा सांभाळल्यावर नमाज फार तर एक-दोन मिनिटांनी लांबते. माझ्या बाबतीत मन पहिल्यांदा थांबले ते याच कौम्यात, म्हणजे रुकूनंतरच्या उभे राहण्यात, आणि मी ते थांबवायला गेलो नव्हतो.

शरीर स्थिरावले की फातिहाकडे, म्हणजे कुरआनाच्या पहिल्या सूरहकडे, वळा. एकट्याने केवळ फर्ज (अनिवार्य) नमाजा पढल्या तरी दिवसाच्या १७ रकातींत (नमाजेच्या आवर्तनांत) ही ७ आयतींची सूरह १७ वेळा जिभेवर येते, आणि बहुधा म्हणूनच ती एका दमात संपते. मुस्लिम संग्रहातील एका हदीसे-कुदसीत (प्रेषितांनी सांगितलेल्या अल्लाहच्या वचनात) अल्लाह म्हणतो की, मी नमाज माझ्यात आणि माझ्या दासात निम्मी-निम्मी वाटली आहे. दास ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या दासाने माझी स्तुती केली. ‘इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन’ला (आम्ही तुझीच भक्ती करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो) म्हणतो, हे माझ्या आणि माझ्या दासाच्या मधले आहे, तो मागेल ते त्याचे. सरळ मार्गाची याचना येते तेव्हा म्हणतो, हे माझ्या दासासाठी, त्याने मागितले ते त्याला मिळेल. प्रत्येक आयतीपाशी एक श्वास थांबा. ज्याला उत्तर मिळते आहे हे ठाऊक आहे, तो उत्तराच्या वेळी बोलत राहत नाही. त्यासाठी अर्थ माहीत हवा, आणि फातिहा, तस्बीह व अत्तहियात (बसून पढायची प्रार्थना) एवढ्याचा शब्दशः अर्थ पंधरा दिवसांत सहज पाठ होतो.

उभे राहण्यापूर्वीचीही थोडी तयारी असते. जेवण समोर आलेले असताना किंवा लघवी-शौचाला रोखून धरून नमाज नाही, असे प्रेषितांचे वचन आहे. नक्षीदार वस्त्राने लक्ष विचलित झाले तेव्हा त्यांनी ते परत पाठवून साधे मागवले. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे मी याच पंक्तीत धरतो.

आणि मन तरीही भटकेल. लक्षात आले की त्याच क्षणी, स्वतःला न कोसता, चालू असलेल्या शब्दावर परत या. पढलेली नमाज पुन्हा पढत बसू नका. एका हदीसेप्रमाणे माणूस नमाज संपवून परततो तेव्हा कुणाच्या पदरी तिचा दहावा हिस्सा लिहिला जातो, कुणाच्या पदरी नववा, आठवा, असे करत निम्म्यापर्यंत. सध्या तुमचा दहावा असेल, तर नवव्यासाठी कष्ट करा.

प्रश्न : तीन रकाती झाल्या की चार, हेच मला मध्येच आठवेनासे होते. अशा वेळी नमाज तोडून नव्याने पढावी का?

उत्तर : असा संशय एरवीही येत असेल, तर तोडण्याची गरज नाही. मुस्लिममधील हदीसेनुसार संशय बाजूला ठेवून जेवढ्याची खात्री आहे तेवढ्या, म्हणजे तीन, धराव्यात, एक रकात पुरी करावी आणि सलामापूर्वी सह्वचे (विसरल्याबद्दलचे) दोन सजदे करावेत. हनफी या सुन्नी विधिपरंपरेच्या पद्धतीत मनाचा कौल ठामपणे एका बाजूला असेल तर त्याप्रमाणे चालतात, नसेल तर कमी संख्या धरतात, आणि सह्वचे सजदे एका बाजूला सलाम फेरून करतात. तुम्ही ज्या पद्धतीने नमाज शिकलात तीच पाळा. नमाज संपल्यानंतर शंका आली, तर तिच्याकडे लक्ष देऊ नका.