एक गाव धर

प्रिय मुली,

तुझी लांबलचक ईमेल मिळाली. हे सेल्टिक संगीत, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंड वगैरे मुलखांचं लोकसंगीत, आवडणं म्हणजे आपल्या संगीताशी बेइमानी का, आणि त्या लोकांचं काही लुबाडणं का, हेच तू निरनिराळ्या शब्दांत विचारत राहिली आहेस. पहिल्या प्रश्नावर मी एक ओळही खर्च करणार नाही. मिरजेत वाढलेल्या, लहानपणापासून व्हायोलिन शिकलेल्या मुलीला ते मी समजावत बसावं असं काही नाही. दुसऱ्याकडे येतो, पण सावकाश. कारण मला तिसरीच गोष्ट खुपली आहे. तू लिहितेस, 'काका, मला सेल्टिक म्युझिक शिकायचंय.' आणि खाली यादी: आयर्लंडातल्या डोनेगलची फिडल (म्हणजे व्हायोलिनच), केप ब्रेटनची फिडल, ॲलन स्टिवेलची हार्प, स्पेनमधल्या गॅलिसियाची गाइता म्हणजे तिकडची बॅगपाइप, स्कॉटलंडच्या हायलँड पाइप्स, वर दोन-तीन सिनेमांचं पार्श्वसंगीत.

अगं, ही यादी आहे का रेकॉर्डच्या दुकानातला कप्पा?

स्टिवेलने १९७१ साली फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या हार्पची रेकॉर्ड काढली आणि ते वाद्य पुन्हा लोकांच्या कानावर आलं, हे खरं. पण ब्रिटनीतले लोक ज्यावर नाचतात ते 'कान हा दिस्कान' तू ऐकलंयस? दोघं गातात. पहिल्याची ओळ संपत आली की दुसरा शेवटची अक्षरं त्याच्याबरोबर पकडतो आणि ती ओळ पुन्हा म्हणतो. मग पहिला त्याचा शेवट पकडतो. साखळी तुटू द्यायची नाही, कारण नाचणाऱ्यांचे पाय थांबता कामा नयेत. त्याचा आणि आयर्लंडात केरीला नाचतात त्या पोल्काचा काय संबंध? केप ब्रेटनचं म्हणशील तर ती स्कॉटलंडहून कॅनडात गेलेल्या गेलिक लोकांची ठेव. कॅनडाच्या सरकारी वाहिनीने १९७१ मध्ये 'इथला फिडलर आता नामशेष होतोय' अशा अर्थाचा माहितीपट दाखवला, लोक चिडले, आणि १९७३ मध्ये ग्लेनडेलला त्यांनी फिडलरांचा मेळावाच भरवला. आपल्या गावाबद्दल कुणी काही बोललं की माणूस असा चिडतो. तुझ्या यादीतल्या कुठल्या नावासाठी तू अशी चिडशील?

म्हणून पहिलं आणि शेवटचं सांगणं: एक गाव धर. देश नको, प्रांतही नको, गाव. आणि जमलं तर त्या गावातलं एक माणूस.

माझं गाव तुला ठाऊक आहे. गाव कसलं, कॉर्क आणि केरी या दोन काउंटींच्या सीमेवरचा दलदलीचा पट्टा, श्लीव्ह लूखरा. नोकरीसाठी कॉर्कला होतो तेव्हा तिकडे जायला लागलो. बाकीच्या आयर्लंडात रील या नाचाच्या चालीचा रुबाब. इथे पोल्का आणि स्लाइड या चालींचा. कारण इथे सेट, म्हणजे चार जोड्यांचे नाच, नाचणं थांबलं नाही. १९३५ च्या कायद्याने विनापरवाना नाचांवर बंदी आली, पाद्री लोकही हात धुऊन मागे लागले, आणि घराघरांतले नाच देशभर आटत गेले. पण नॉकनग्रीच्या पबमध्ये जॉनी ओलिअरी ॲकॉर्डियन घेऊन वर्षानुवर्षं नाचणाऱ्यांसाठी वाजवत राहिला. ज्या संगीतावर रोज पाय पडतात ते सहसा भरकटत नाही.

आणि त्याच्या आधीचा पॉड्रिग ओकीफ (१८८७–१९६३). हा शाळामास्तर. नोकरी गेली, मग पायी गावोगाव हिंडून फिडल शिकवत राहिला. त्याचं स्वरलेखन बघ, तुला गंमत वाटेल: पाच रेघांमधल्या चार फटी म्हणजे चार तारा, आणि फटींत आकडे. शून्य म्हणजे मोकळी तार, एक म्हणजे पहिलं बोट. शेतकऱ्याच्या पोराला बाकी काही कळायची गरज नाही. डेनिस मर्फी आणि त्याची बहीण ज्युलिया क्लिफर्ड त्याच्याच हाताखाली तयार झाले. दोघांची १९६९ ची रेकॉर्ड आहे. तिच्यात काही चालींत एक फिडल वरच्या सप्तकात चालते, दुसरी खालच्या, आणि दोन्ही एकाच घरातल्या आहेत हे आंधळ्यालाही दिसावं.

मी तिथे पोचलो तोवर ही सगळी मंडळी गेली होती. डेनिस १९७४ मध्ये, ज्युलिया १९९७ मध्ये. जॉनी ओलिअरी २००४ मध्ये, तोही मला थोडक्यात हुकला. चाळिशी ओलांडून मी फिडल हातात घेतली. बोटं वळत नव्हती, अजूनही नीट वळत नाहीत. विशीत मला कुणी ही रेकॉर्ड ऐकवली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून सुटत नाही. तुला ती विशीत मिळाली आहे, आणि तू गाइता ऐकत बसली आहेस!

असो. तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. स्वर नेमके, गज स्वच्छ, हात गोड. आणि जे वाजवलंस ते आयरिश अजिबात नाही. रोल या अलंकाराचंच घे. कागदावर पाच स्वर दिसतात: मूळ, वरचा, मूळ, खालचा, मूळ. तू पाचही सुरेल वाजवलेस, मुरकी घ्यावी तसे, आणि तिथेच सगळं गेलं. वरचा जो स्वर, त्यांच्या भाषेत कट, त्याचा सूर कळताच कामा नये. बोट तारेवर पडतं ते सूर काढायला नाही, सूर तोडायला. तबलजी चाट मारतो तसं समज. रोल हा तालाचा भाग आहे. आणि श्लीव्ह लूखराचे फिडलर तो फारसा घेतही नाहीत, त्यांचं काम गजात चालतं: पोल्कात ठोक्याच्या मधल्या जागेवर गज दाबला जातो आणि नाचणाऱ्याची टाच उचलते. डोनेगलला जा, तिथे जवळजवळ एकेका स्वराला एकेक गज, तुटक, झपाट्याचा, स्कॉटलंडच्या वळणाचा. दोन्ही एका हातात एकदम बसत नाहीत. बसवायला गेलीस की दोन्हींचा बेचव रस्सा होतो, आणि तोच मला तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आला. एक गाव धर.

'काका, ही जिग तर सरळ काफी आहे!' असंही एका आयरिश नाचाच्या चालीबद्दल लिहिलंयस. स्वर काफीचे आहेत, मान्य. तिकडच्या डोरियन सप्तकातल्या चाली काफी थाटात बसतात, मिक्सोलिडियन सप्तकातल्या खमाजात. हे कळायला तुला पाच मिनिटं लागली असतील. पुढे काय? राग वाढवायचा असतो, ही चाल वाढत नाही. आठ बारांचा (बार म्हणजे ठेक्याचं एक घर) एक भाग दोनदा, दुसरा दोनदा, बत्तीस बार झाले की फिरून पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला एखादी जागा किंचित वेगळी पडते आणि ओळखणारा मान हलवतो, एवढाच विस्तार. तिला काफी म्हटलंस की तुझा हात आलाप शोधू लागतो, आणि चाल बिचारी बाजूला राहते. तुझी तालीम उपयोगी पडेल ती दुसरीकडे. जुने फिडलर आणि पाइपर डी हा षड्ज धरून जो निषाद लावतात तो कित्येकदा ना कोमल ना शुद्ध, मधेच कुठेतरी. पियानोवर वाढलेल्यांना तो बेसूर वाटतो. तुझा कान त्याला बेसूर म्हणणार नाही. तो नेमका कुठे लागतो ते डेनिस मर्फीच्या फिडलवर शोध, आणि कृपा करून त्याला श्रुतीचं नाव देऊ नकोस.

आता लुबाडण्याचं. तुला कुणीतरी सुनावलेलं दिसतंय. आयरिश लोकांच्या वाद्यांकडे बघ: कॉन्सर्टिना इंग्लंडची, ॲकॉर्डियन मध्य युरोपातून आलेला, बँजो अमेरिकेतून, तोही मुळात आफ्रिकेहून गुलाम करून नेलेल्या माणसांचा, बुझुकी ग्रीसची, ती १९६० च्या दशकात जॉनी मॉयनिहानने आणली. जपानमध्ये आयरिश संगीत वाजवणारे इतके आहेत की तिथे कोल्तस या त्यांच्या संघटनेची शाखा आहे. तुझ्या खांद्यावरचं व्हायोलिन आणि आपल्या नाट्यसंगीतातली पेटी कुठून आली हे तर तूच मला सांगशील.

पण यावरून 'मग सगळं सगळ्यांचंच' असं म्हणून मोकळी होऊ नकोस, त्या वाक्याचा मला तिटकारा आहे. आपल्याकडे परदेशी शिष्य येतात. त्यातल्या कुणाला आपण मानतो? एका गुरूकडे वर्षानुवर्षं बसून, डाळभात खाऊन, बंदिश कुणाची ते सांगून मग गाणाऱ्याला. तीन महिन्यांत 'इंडियन म्युझिक' शिकून परत जाणाऱ्याला आपण काय म्हणतो ते तुझ्या गुरुजींना विचार. आयर्लंडात मिल्टाउन मॉलबेला १९७३ पासून दर जुलैत विली क्लॅन्सी या पाइपरच्या नावाने उन्हाळी शाळा भरते, जगभरातून लोक येतात. तिथे तुझ्या रंगाबद्दल कुणी फारसं विचारणार नाही. 'ही चाल कुणाची?' असं मात्र विचारतील. त्या प्रश्नाला तुझ्याकडे नावगाव असलं पाहिजे. ज्युलिया क्लिफर्डची, रेकॉर्डवरून घेतली, हे उत्तर चालतं. 'सेल्टिक आहे' हे चालत नाही.

पुस्तकातून शिकू का, असं विचारतेस. फ्रान्सिस ओनील हा कॉर्कचा माणूस शिकागोचा पोलीसप्रमुख झाला आणि १९०३ मध्ये त्याने १८५० चालींचा ग्रंथ छापला. भातखंडे वकील, हा पोलीस; दोघं १९३६ सालीच गेले. दोघांचेही उपकार फेडता न येण्यासारखे. पण क्रमिक पुस्तकांवरून कुणी गवई झाल्याचं ऐकिवात आहे का? ओनीलला स्वतःला स्वरलेखन धड येत नव्हतं. तो चाल ऐकवायचा आणि जेम्स ओनील नावाचा पोलिसातलाच सहकारी लिहून घ्यायचा. म्हणजे तो ग्रंथही कानानेच झाला. तेव्हा आधी चाल तोंडाने म्हण. ती गुणगुणता आल्याशिवाय गज उचलायचा नाही.

गावाचा आग्रह धरतो त्याला आणखी एक कारण आहे. आयर्लंडातल्या स्लायगोचा फिडलर मायकल कोलमन न्यूयॉर्कला गेला, १९२० च्या दशकात त्याच्या तबकड्या निघाल्या, त्या उलट आयर्लंडला पोचल्या, आणि पोरं आपल्या शेजारच्या म्हाताऱ्याचं ऐकायचं सोडून कोलमनसारखं वाजवायला लागली. कोलमन थोरच, त्याचा दोष नाही. पण किती गावांचा गज त्या तबकड्यांखाली दबला! आज तबकडीऐवजी तुझा फोन आहे, आणि त्यात सगळी गावं एकाच वेळी वाजतायत.

आणि तू करायचा म्हणतेस तो व्हिडिओ. रील, खाली तबला, मधे यमनचा आलाप. करू नकोस. मला दर मार्चमध्ये फोन येतात: सेंट पॅट्रिकच्या दिवशी हॉटेलात हिरवी टोपी घालून वाजवा, सोबत तबलजी देतो. मी नाही म्हणतो. मित्र हेकट म्हणतात, बायको म्हणते चार पैसे तरी मिळाले असते. हेकट तर हेकट. माझ्याकडे चाली थोड्या आहेत, एकाच पट्ट्यातल्या, आणि प्रत्येक कुणाकडून आली ते मला सांगता येतं. ती हॉटेलात सूप पिणाऱ्यांपुढे तबल्यावर टाकायची माझी छाती होत नाही. तू म्हणशील, काका, तुम्हाला कुणी ऐकलंच नाही मग. खरंय, फारसं कुणी ऐकलं नाही. पण माझ्या घरात शनिवारी संध्याकाळी जे वाजतं ते त्या पट्ट्यातल्या माणसाला ओळखू येईल, यावर मी अडून बसलो आहे आणि बसणार. बघ, तुला सल्ला देता देता मी माझीच वकिली करायला लागलो. ते सोडून दे. व्हिडिओचं मात्र सोडू नकोस.

आयर्लंडात लिमरिकला संगीताच्या एमएचा अर्ज भरायचा म्हणतेस. विद्यापीठाची ती अकादमी मिहाल ओ सुलिवॉनने १९९४ मध्ये उभी केली, जागा चांगली आहे. पण घरचे कर्ज काढणार आहेत म्हणून स्पष्ट सांगतो: गाव न धरता गेलीस तर वर्षभर सगळ्यांचं थोडं थोडं ऐकशील आणि आजच्यासारखीच यादी घेऊन परत येशील. यंदा अर्ज नको. डेनिस आणि ज्युलियाच्या दहा चाली काढ. पोल्काची पावलं शिक, स्वयंपाकघरात एकटी नाचलीस तरी चालेल. आई हसेल, हसू दे. मग मला पाठव, एकटी फिडल, खाली तानपुऱ्याचं ॲप नको. मी चांगलं म्हणेन अशी आशा ठेवू नकोस.

माझंच गाव धर असा आग्रह नाही. (खरं तर आहे.) डोनेगल धरायचं असेल तर डोनेगल धर, पण मग केरीकडे ढुंकून बघू नकोस.

तुझा,
काका

ता. क. तुझं व्हायोलिन सा-प मध्ये लावलेलं आहे. त्याच्यावर हे करू नकोस. दुसरं एक साधं, जुनं घे आणि ते जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य सुरांमध्येच ठेव. एकाच वाद्यावर रोज तारा चढव-उतर केलीस तर खुंट्या धरायच्या नाहीत आणि वरची तार पहिल्या आठवड्यात तुटेल.