घरच्या घरी अ‍ॅव्हरेज वाढवायचं? आधी गाडीला जे चिकटवलंय ते काढा

तुमचा प्रश्न असा: गाडी सेकंडहँड आहे, पेट्रोल, बारा-एक वर्षं जुनी; गॅरेजवर फार खर्च न करता घरीच काही बदल करून अ‍ॅव्हरेज वाढवता येईल का?

येईल. मी केलंय. पण माझ्या गाडीत मी नवीन लावलेली एकही वस्तू कामाला आली नाही. फरक पडला तो आधीच्या मालकाने हौसेने केलेले उद्योग एकेक करून उलटवल्यावर.

माझी २०१३ ची छोटी हॅचबॅक आहे. पुणे-सातारा दर आठवड्याला, एका बाजूने साधारण ११० किलोमीटर. घेतली तेव्हा लिटरला १३.४ द्यायची. हा आकडा मीटरवरच्या डिस्प्लेचा नाही. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला थांबून टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करून भागाकार करायचा. असं निदान तीन-चार टाक्या केल्याशिवाय कशालाही हात लावू नका. एका टाकीचं अ‍ॅव्हरेज खोटं बोलतं: कधी कात्रजला तास जातो, कधी गाडीत चारजण असतात.

सगळ्यात मोठा चोर निघाला थर्मोस्टॅट, म्हणजे तो नसणं. 'गाडी गरम होते' अशी तक्रार घेऊन गेलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल काढून फेकून देतात. गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूश. पण तो वॉल तिथे कशासाठी असतो? इंजिन थंड असताना कूलंटला (इंजिनभोवती फिरून त्याची उष्णता नेणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणं, म्हणजे इंजिन लवकर तापावं, आणि साधारण ८०-८५ अंशांच्या पुढे उघडणं. तो नसला की इंजिन कायम अर्धवट थंड. सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतो, 'अजून तापलं नाही', आणि कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो.

मला हे कळलं ते ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) लावायच्या ब्लूटूथ यंत्रामुळे. हजार रुपयांच्या आत मिळतं, फोनवर ॲप टाकायचं. डिसेंबरच्या सकाळी शिरवळ ओलांडलं तरी कूलंट ५८ अंशांवर! नवा वॉल काही शे रुपयांचा. बसवण्याआधी आईच्या जुन्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवला, पाणी उकळायच्या आधी तो हळूच उघडताना डोळ्यांनी पाहिला. (ते पातेलं नंतर स्वयंपाकात परत घेतलं गेलं नाही, हा हिशोब वेगळा.) बसवताना इंजिन पूर्ण गार हवं, गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडलंत तर तोंड भाजेल. आणि मुळात गाडी का तापत होती तेही शोधा. माझ्या गाडीत रेडिएटरचा पंखाच चालत नव्हता, त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) गेला होता. एवढ्यावर पुढच्या तीन टाक्यांत लिटरमागे दीड किलोमीटर वाढलं.

दुसरी वस्तू टपावरचं कॅरिअर. वर्षातून दोनदा सामान लादायचं आणि बाकी दिवस हवा कापत फिरायचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून गावात कॅरिअरचा फारसा फरक पडत नाही, हायवेला लगेच कळतो. आमचं आता गच्चीवर आहे, उन्हाळ्यात त्यावर चादर टाकून कुरडया वाळतात. पुढचा लोखंडी बंपर गार्डही काढला. डिसेंबर २०१७ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलंच आहे. वजन कमी झालं हे खरं, पण त्यातून वाढलेलं अ‍ॅव्हरेज माझ्या वहीत तरी दिसलं नाही.

टायरची गंमत वेगळीच. कंपनीचा आकार १४५/८० आर१३, आणि लावलेले होते १५५/८० आर१३, गाडी 'भारदस्त' दिसावी म्हणून. आता गणित बघा. मूळ टायरचा व्यास ५६२ मिलीमीटर, याचा ५७८. म्हणजे चाक एका फेऱ्यात जवळजवळ तीन टक्के जास्त अंतर कापतं, मीटरला मात्र ते ठाऊक नसतं. मीटरवर १०० दिसले की गाडी खरी १०३ च्या आसपास गेलेली असते. माझं '१३.४' त्यामुळे मुळात पावणेचौदाच्या पुढे होतं! रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. शिवाय याचा दुसरा अर्थ असा की काटा दाखवतो त्यापेक्षा तुम्ही जोरात चाललेले असता. टायर झिजल्यावर मूळ मापाचे घेतले. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी, टायर गार असताना. नायट्रोजनसाठी पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

ब्रेक धरतोय का तेही घरी बघता येतं. पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो कमी ब्रेक मारत गाडी चालवा, थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा चटका देण्याइतकं तापलं असेल तर तिथे इंजिन आणि ब्रेक यांची कुस्ती चालू आहे. माझं मागचं डावं होतं, हँडब्रेकची केबल अडकलेली.

आता माझ्या फसलेल्या प्रयोगाबद्दल. पुढची जाळी झाकली की हवेचा विरोध घटतो, असं परदेशातले हौशी लोक सांगतात, आणि थंड देशात ते खोटं नाही. काही गाड्यांत कंपनीच उघडझाप होणाऱ्या पट्ट्या देते. मी निवडणुकीनंतर उरलेल्या बोर्डाची सनपॅक शीट कापून खालची जाळी झाकली. एप्रिल महिना, एसी चालू, खंबाटकी घाट. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यालाही हवा मिळेना. पंखा थांबायचं नाव घेईना, एसी कोमट, फोनवर १०४ अंश. घाट चढून गाडी बाजूला घेतली आणि उमेदवाराचा अर्धा चेहरा जाळीतून उपटून काढला. आपल्याकडच्या उन्हात याच्या नादी लागू नका.

पेट्रोलच्या पाइपवर लावायचे चुंबक आणि पाण्यावर चालणारं 'एचएचओ किट' यांच्या जाहिराती तुम्हाला दिसतीलच. पाण्यातून हायड्रोजन काढायला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन तुमचंच पेट्रोल पितं. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा वाया जाते. स्वतःच्या खांद्यावर बसून उंच होण्यातला प्रकार. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर यंत्रं तपासली आहेत, बहुतेकांचा काडीचा उपयोग दिसला नाही. एअर फिल्टर बदलून अ‍ॅव्हरेज वाढतं हेही कार्ब्युरेटरच्या काळातलं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे घाण फिल्टरने पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं नाही. बदला जरूर, पण चमत्काराची वाट पाहू नका.

घाट उतरताना न्यूट्रल मारणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, करू नका. गिअरमध्ये असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडलात की इंजेक्शनची गाडी पेट्रोल पूर्ण बंद करते, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला ती उलट पेट्रोल जाळते. म्हणजे पेट्रोलही जास्त आणि सगळा भार ब्रेकवर.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही: पेट्रोलच. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. आपल्यासारख्या जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज ६-७ टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं. तेव्हा 'पूर्वी १८ द्यायची' यातला एखादा किलोमीटर तिकडे गेलाय, तो शोधत बसू नका. आणि सीएनजी किट घरी बसवायचा विचार असेल तर तो सोडाच. ते मान्यताप्राप्त ठिकाणी बसवून आरसीवर नोंदवावं लागतं, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो.

माझी गाडी आता १७ च्या आसपास देते, ताशी ८० ने. शंभरने गेलो की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि आकडा पंधरावर येतो. कागदावर सातारा सोळा-सतरा मिनिटं लवकर येतं, त्यातली निम्मी आणेवाडीच्या टोलवर जातात.

तुमच्या टायरवरचा आकार, दाराजवळच्या स्टिकरवरचा आकार आणि हायवेला कूलंट किती अंशांवर राहतो, एवढं कमेंटमध्ये लिहा. पुढचं मग बघू.