बर्फात शिकारी हरणाचा माग काढतात, तसा आपल्या कोकणात भेकराचा काढता येतो का?

तुम्ही एकात दोन गोष्टी विचारल्यात. कलमांच्या बागेत, पऱ्याच्या म्हणजे ओहोळाच्या काठी दिसलेले दोन खुरांचे ठसे भेकराचे, म्हणजे आपल्या रानातल्या लहान हरणाचे, की डुकराचे? आणि परदेशातले शिकारी बर्फावर माग काढतात, ते तंत्र इथे चालेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. प्रत्येक ठशाच्या मागे, जरा बाहेरच्या अंगाला दोन टिंबं आहेत आणि चिखल बेताचाच होता, असं तुम्हीच लिहिलंय. मग ते डुकर. पायाला मागे जी दोन छोटी खुरं असतात ती डुकराची खाली आणि फाकलेली असतात, त्यामुळे थोड्या ओलीतही उमटतात. भेकराची ती वर असतात. ती दिसायची तर पाय चांगला रुतायला हवा, नाहीतर जनावर उधळलेलं हवं.

भेकराचा ठसा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. पत्त्यातला बदाम मधोमध चिरावा तसा, आणि बदामाचं टोक जिकडे तिकडे जनावर गेलं. सांबराचा याच्या दुप्पट किंवा त्याहून मोठा. पिसोरीचा, म्हणजे सगळ्यात इवल्या हरणासारख्या जनावराचा म्हणाल तर अंगठ्याच्या नखाएवढा, दिसला तर नशीब समजा. गोंधळ होतो तो शेळीमुळे. तिच्या खुरांची टोकं बोथट आणि एकमेकांपासून लांब पडतात. हे मी आज शहाण्यासारखं सांगतोय, पण कॉलेजात असताना मुंबईच्या दोन मित्रांना सड्याखालच्या (कातळाच्या माळाखालच्या) पाणंदीतून पाऊण तास 'भेकराच्या' मागावर फिरवलं होतं. माग संपला तो शेजारच्या काकूंच्या गोठ्यात. आत करडू बांधलेलं. काकूंनी चहा पाजला, पण ती गोष्ट अजून शिमग्याला निघते.

चूक तेव्हा कळली नाही, कारण मी एकच चांगला ठसा धरून बसलो होतो. आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती, पण त्यांना ठशापेक्षा चाल महत्त्वाची वाटे. "आदी बग, मंग पाय टाक," म्हणायचे. जनावर कुठून आलं, कुठे थांबलं, गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) उडी मारली की फटीतून घुसलं, हे आधी बघायचं. बकरी चार पावलांवर तोंड घालत, कळपाबरोबर भरकटत जाते. भेकर बहुतेक एकटं असतं, आणि निवांत चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशात किंवा अगदी लगत टाकतं.

आता बर्फाचं. बर्फाचा मोठा फायदा म्हणजे ओळ तुटत नाही. रात्री पडलेल्या ताज्या बर्फावरचा ठसा त्यानंतरचाच, एवढं तर आपोआप कळतं. पण तिथेही फसगत आहेच. ऊन लागलं की ठसा वितळून पसरतो आणि मादी नरासारखी मोठी वाटायला लागते. खोल बर्फात हरणाचे पाय फरफटतात आणि ठशाचा आकारच राहत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कोरड्या पुळणीतही तेच होतं: कडा ढासळून कुत्रा वाघाएवढा होतो.

आपला बर्फ म्हणजे दहिवर. थंडीत सूर्य वर यायच्या आत वायंगणाच्या (हिवाळी भातशेतीच्या) बांधावर जाऊन उभे राहा, उन्हाकडे तोंड करून. सगळं गवत पांढुरकं असतं आणि त्यातून एक हिरवीगर्द रेघ गेलेली दिसते. जनावराने दव झाडून नेलेलं असतं. रेघ कोरडी असेल तर ते नुकतंच गेलंय. तिच्यावर पुन्हा बारीक थेंब धरले असतील, किंवा कोळ्याने जाळं विणलं असेल, तर रात्रीच कधीतरी गेलंय. आठ-साडेआठला ही पाटी पुसली जाते. चिखलात ठशातलं पाणी बघा. गढूळ असेल तर जनावर जवळपास असू शकतं, निवळलं असेल तर बराच वेळ झाला. सड्यावरच्या कातळावर मात्र ठसे शोधत बसू नका, तिथे उलटलेलं पान आणि त्याची ओली बाजू एवढंच हाती लागतं.

ठशांखेरीज मला सगळ्यात आवडणारी खूण आवळ्याची. भेकर पडलेले आवळे गिळतं आणि नंतर कुठेतरी आडोशाला बसून रवंथ करताना बिया तोंडातून टाकतं. झाडापासून लांब, करवंदीच्या जाळीत स्वच्छ बियांचा लहानसा ढीग दिसला की समजायचं, इथे कोणीतरी आरामात बसून गेलंय. कोवळे शेंडे खाल्ले असतील तर तुटलेली कड बघा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे कड ओरबाडलेली, चिंध्या निघालेली असते. तिरकी, कोयत्याने छाटल्यासारखी असेल तर ससा. जमीन उकरून उलथीपालथी केली असेल तर वर सांगितलेलं डुकरच.

तुम्ही शिकारीबद्दल थेट विचारलेलं नाही, तरी सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भेकर, सांबर, पिसोरी मारणं गुन्हा आहे. आजोबांची बंदूकही केव्हाच जमा झाली. डुकराने नुकसान केलं असेल तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा, फासकी (तारेचा फास) लावू नका. डुकरासाठी लावलेल्या फासकीत आपल्याकडे बिबटे अडकून मरतात. मागावर चालताना तारेची फासकी दिसलीच तर हात न लावता १९२६ वर कळवा.

खात्री करायची असेल तर आज संध्याकाळी पऱ्याच्या उतारावर चार हात चिखल झावळीने सारखा करून ठेवा आणि उद्या उजाडताच जा. ऊन तिरकं असतं तेव्हाच ठसा उठून दिसतो, दुपारी तोच चिखल कोरा वाटतो. आणि फोटो टाकाल तेव्हा शेजारी काडेपेटी ठेवा, नाहीतर ठसा केवढा आहे ते कुणालाच कळणार नाही.