गोदावरी काढायची तर निळा रंग आधी बाजूला ठेव

स्पर्धेसाठी तू केलेलं गोदावरीच्या चित्राचं कच्चं रेखाटन पाहिलं. रडणारी नदी, वर ‘पाणी वाचवा’ची पाटी. हात चांगला आहे तुझा, पण असं चित्र प्रत्येक स्पर्धेत ढिगानं येतं. त्यापेक्षा एखाद्या सकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर जा आणि तासभर नुसती बस. रामकुंडावर अस्थिविसर्जन, शेजारी डुंबणारी पोरं, पलीकडे धुणं, हे सगळं एकाच पाण्यात चाललेलं दिसेल. त्यातलं एकच उचल.

माझं मत विचारशील तर दुतोंड्या मारुती घे, नदीपात्रातली ती दोन तोंडांची उंच मूर्ती. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज बांधतं. घरातल्या मोठ्यांना विचार, त्यांनी कुठवर आलेलं पाणी पाहिलंय. त्यांची उत्तरं त्यांच्याच बोलीत लिहून घे. तोच तुझ्या चित्रावरचा मजकूर. शाळेतल्या निबंधाची भाषा त्यात घुसवू नकोस, ‘पाणी म्हणजे जीवन’ तर नकोच नको.

पुराच्या पाण्याला गेरू आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग लागतो, निळा जवळपास नाहीच. जलरंगात करणार असशील तर ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद आण, पातळ कागद ओला झाला की फुगतो. उजेडाच्या जागा आधीच कोऱ्या सोड. पांढरा रंग नंतर थापून चमक येत नाही.

नासर्डी, वाघाडी या गोदावरीला मिळणाऱ्या छोट्या नद्यांकडेही बघ. त्या कोणी काढतच नाही.