पाच मिनिटांत आवरायचं तर एवढंच घे

अगं, बाळाला सांभाळून रोज झटपट मेकअप करायचा आणि त्यासाठी पहिल्यांदाच सामान घ्यायचं, तर मोठा मेकअप किट मुळीच घेऊ नकोस. त्यातले निम्मे रंग डबीतच वाळतात. सुरुवातीला चार वस्तू भरपूर झाल्या: एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, कॉम्पॅक्ट (चेहऱ्याला लावायची दाबून बसवलेली पावडर), काजळ आणि एक लिपस्टिक.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते कॉम्पॅक्टच्या शेडवर. दुकानात बहुतेक वेळा एक शेड उजळच हातात ठेवतात. मनगटावर लावून ठरवू नकोस. जबड्याच्या कडेला लाव, बाहेर उजेडात ये आणि आरशात बघ. त्वचेत मिसळून दिसेनाशी झाली की तीच तुझी शेड. गोरं दिसायच्या नादात चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळीच.

लिपस्टिक गुलाबी-तपकिरी घे. बोटाला उरलेली गालांच्या उंचवट्यावर थापट, ब्लश वेगळा लागत नाही. बाळ सारखं गालाला गाल लावत असेल तर मात्र गाल मोकळेच राहू देत.

काजळ पसरतं ना? आधी डोळ्यांखाली कोरडं टिपून कॉम्पॅक्टचा हलका हात फिरव. जागरणाने काळी वर्तुळं दिसत असतील तर खाली काजळ नको, ती आणखी गडद दिसतात. वरच्या पापणीला बारीक रेघ काढ.

सनस्क्रीनवर लगेच कॉम्पॅक्ट लावलंस तर गोळे होतात. मधल्या वेळात जेवणाचा डबा भरून घे.

फाउंडेशन, आयशॅडोच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. आणि कितीही दमलीस तरी काजळ पुसूनच झोप. कापसावर खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात.